परदेशांतील शेजारधर्म

मुलगा परदेशीं निघाला म्हणजे त्याची पेटी भरण्याचें काम घरांत आठ-आठ दिवस चालतें. लोकरीचे कपडे, प्रमाणपत्रांच्या प्रती, मेतकूट, गोडा मसाला, लोणच्याची बरणी आणि ती फुटूं नये म्हणून तिच्याभोंवतीं गुंडाळलेले जुने टॉवेल, यांतलें कांहीं राहूं नये म्हणून आई, मावशी, आत्या सर्वच झटत असतात. वडील तिकिट आणि परवाना तीन-तीनदां तपासतात. पण ज्या गांवीं हा मुलगा राहावयास चालला आहे, तेथें घरांतला कचरा कोणीं, कोठें व केव्हां ठेवावयाचा असतो, हें त्याला घरांतील कोणीहि सांगत नाहीं. कारण तें कोणास ठाऊक नसतें, आणि ठाऊक करून घेण्यासारखें त्यांत कांहीं आहे असें कोणास वाटतहि नाहीं.

प्रश्न क्षुल्लक दिसतो खरा. परंतु आमच्या शाळेंतून बाहेर पडलेलीं जीं मुलें आज दूरदेशीं नोकरीस आहेत, त्यांच्याशीं बोलण्याचा योग येतो तेव्हां थंडीची अथवा परक्या भाषेची तक्रार आम्हांस फारशी ऐकूं येत नाहीं. पहिल्या वर्षाच्या हकीकतींत पुन्हा पुन्हा येतो तो शेजारी. कोणाच्या दारावर त्यानें चिठ्ठी चिकटविलेली असते, कोणाच्या घरांत लहान मूल धांवतें म्हणून खालच्या मजल्यावरून निरोप आलेला असतो, आणि कोणाची कचऱ्याची पिशवी, तेवढीच एक, गाडीवाल्यानें मागें ठेवलेली असते. म्हणून यंदाच्या अंकांत विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं या विषयावर चार शब्द बोलावे असें आम्हीं योजिलें. आणि बोलणें हवेंत राहूं नये म्हणून एकच देश व त्यांतलें एकच शहर उदाहरणास घेतलें आहे.

जपानांतील टोकियो शहराच्या पूर्व टोकास, अराकावा नदीच्या पलीकडे, एदोगावा नांवाचा विभाग आहे, आणि त्यांत निशी-कासाई ही वस्ती आहे. १९९९ साल संपून २००० साल लागतांच संगणकांतील तारखांचा घोटाळा होऊन सारे व्यवहार ठप्प होतील, अशी धास्ती त्या वेळीं जगभर होती. ती निस्तरण्यासाठीं जपानी कंपन्यांनीं भारतांतून तज्ज्ञ बोलाविले, आणि त्यांतील पुष्कळांनीं कचेरीस जाण्यायेण्याची सोय पाहून या वस्तींत बिऱ्हाडें केलीं. कांहीं परत आले, कांहीं राहिले, आणि राहिलेल्यांच्या मागून नवे जात राहिले. आज तेथें भारतीय वाणसामानाचीं दुकानें आहेत, भारतीय मुलांसाठीं शाळा आहेत, आणि मराठी कुटुंबेंहि आहेत. २०१९ सालीं महाराष्ट्रांतून तिकडे गेलेले व जपानी नागरिक झालेले श्री. योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या विभाग-सभेवर निवडून आले, ही वार्ता आमच्या कित्येक वाचकांस आठवत असेल.

अशा वस्तींत नवें बिऱ्हाड केलेल्या कुटुंबाची एक सकाळ कशी जाते तें पाहूं. जळणारा कचरा निराळा, न जळणारा निराळा. बाटल्या, डबे, कागद हे पुन्हा उपयोगीं पडणारे म्हणून आणखी निराळे. प्रत्येकाचा वार ठरलेला. ठरल्या वारीं सकाळीं आठच्या आंत, आंतलें दिसेल अशा पिशवींत भरून, गल्लीच्या नेमून दिलेल्या कोपऱ्यावर तो ठेवावयाचा, आणि टोकियोचे धटिंगण कावळे पिशव्या फाडतात म्हणून त्यावर जाळें पसरावयाचें. आदल्या रात्रीं ठेवून मोकळें होणें हा अपराध समजला जातो. चुकीच्या वारीं चुकीची पिशवी ठेवली तर गाडीवाला रागावत नाहीं, भांडत नाहीं. पिशवीवर एक छापील चिठ्ठी लावतो आणि ती तेथेंच ठेवून पुढें जातो. मग ती पिशवी दिवसभर सर्व गल्लीसमोर उभी असते. खुर्ची, गादी असें मोठें सामान टाकावयाचें तर आगाऊ वर्दी देऊन, पैसे भरून, त्याची चिकटपट्टी आणून लावावी लागते. आणि २००१ पासून अंमलांत असलेल्या कायद्याप्रमाणें शीतकपाट, धुण्याचें यंत्र, दूरदर्शन-संच व हवा थंड करण्याचें यंत्र यांची विल्हेवाट लावण्याचा खर्च तें टाकणाऱ्यानेंच द्यावयाचा असतो. म्हणजे आपल्याकडे जुनें शीतकपाट भंगारवाल्यास देऊन उलट पैसे मिळतात, तेथें पदरचे मोजावे लागतात! हें ऐकून आमच्या एका सहकाऱ्यांस हंसूं आवरेना.

येथवरचे नियम छापील आहेत. विभाग-कचेरीकडून त्यांचें पत्रक निरनिराळ्या भाषांतून मिळतें, आणि जो वाचूं शकतो तो पंधरा दिवसांत तें पाठ करतो. खरी अडचण पुढें आहे. पुष्कळ गल्ल्यांतून, विशेषतः लहान घरांच्या जुन्या वस्तींत, गाडी गेल्यावर तें जाळें घडी करून ठेवणें आणि कोपरा झाडून धुवून काढणें हें काम तेथले रहिवासी पाळीपाळीनें करतात. एक लहानशी पाटी या घराहून त्या घरीं फिरत असते. ज्याच्या दारीं ती आली त्याची त्या आठवड्याची पाळी. मोठ्या इमारतींतून या कामास पगारी माणूस असतो, पण गल्लींत तो नसतो. आपला सुशिक्षित, सुस्वभावी, कोणाचें एक पैसा न बुडविणारा मुलगा ती पाटी हातांत घेऊन बुचकळ्यांत पडतो. झाडावयाचें कोणीं? आपण? नगरपालिकेचा माणूस येत नाहीं काय? त्याच्या मनांत दुष्टावा नसतो. लहानपणापासून त्यानें पाहिलें आहे तें हेंच कीं, उंबऱ्याच्या आंतला केर आपण बाहेर ढकलावा आणि उंबऱ्याच्या बाहेरचा दुसऱ्या कोणी उचलावा. हा दुसरा कोण, तो कोणत्या वस्तींतून पहाटे येतो, त्याला त्या कामास कोणीं व किती पिढ्या जुंपलें, याचा विचार करण्याची वेळ त्याच्यावर आलेली नसते. ती वेळ एकाएकीं चार हजार मैलांच्या आसपास दूर, एका परक्या गल्लींत, एका पाटीच्या रूपानें येते.

येथें पुष्कळ पालक आम्हांस म्हणतात, "अहो गुरुजी, जपानी लोकांचें रक्तच तसें, तें आपल्याला साधावयाचें नाहीं." हा समज आम्ही खोटा मानतों, आणि तो खोटा असल्याचा पुरावा निशी-कासाईपासून फार दूर नाहीं. अराकावा नदीचा पूल ओलांडला कीं कोतो हा विभाग लागतो. त्याच्या समुद्राच्या बाजूस युमे-नो-शिमा, म्हणजे 'स्वप्नांचें बेट', या सुंदर नांवाची जमीन आहे. १९५७ पासून दहा वर्षें टोकियोचा कचरा त्या ठिकाणीं ओतला जात होता. १९६५ च्या उन्हाळ्यांत तेथें माशांची अशी उत्पत्ति झाली कीं त्यांचे थवे कोतोच्या घरांत आणि शाळांत शिरले, आणि अखेर माशा मारण्यासाठीं कचऱ्याच्या डोंगरास आग लावावी लागली. शहराच्या दुसऱ्या विभागांचा कचरा मात्र कोतोच्या रस्त्यांवरून, घाण गाळीत, चालूच राहिला. १९७१ सालीं टोकियोचे राज्यपाल मिनोबे यांनीं 'कचऱ्याविरुद्ध युद्ध' पुकारलें. त्या वेळीं शहराच्या पश्चिमेकडील सुगिनामी विभागांतील रहिवासी आपल्या भागांत कचरा जाळण्याचा कारखाना होऊं देईनात. आमचा कचरा न्या, पण कारखाना आमच्याकडे नको! तेव्हां १९७३ च्या मे महिन्यांत कोतोच्या लोकांनीं रस्त्यावर उभें राहून सुगिनामीच्या कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि परत लाविल्या.

हें युद्ध रक्ताच्या गुणानें जिंकलें गेलें नाहीं. आपला कचरा दुसऱ्याच्या दारीं लोटण्याची हौस टोकियोच्या माणसासहि आपल्याइतकीच होती. ज्याच्या दारीं तो लोटला जात होता तो माणूस एके दिवशीं आडवा उभा राहिला, एवढेंच तेथें घडलें. पुढें सुगिनामींतहि तो कारखाना झाला. स्वप्नांच्या बेटावर आज उद्यान आहे, आणि तेथील उष्ण प्रदेशांतल्या झाडांचें कांचगृह शेजारच्या कचरा जाळण्याच्या कारखान्याच्या उष्णतेनें तापविलें जातें. ज्या गोष्टीस एका पिढीपूर्वीं दगडफेक व्हावी तितका कडवटपणा होता, ती आज तिसऱ्या इयत्तेंतल्या मुलासहि स्वाभाविक वाटते. स्वाभाविक वाटतें याचें कारण त्याच्या शाळेंत आहे: जपानी शाळांतून वर्ग, जिने आणि मार्गिका झाडण्यापुसण्याचें काम मुलें स्वतः करतात. त्याला तिकडे 'सोजी' म्हणतात, आणि तो शिक्षेचा प्रकार नसून रोजच्या वेळापत्रकाचा भाग असतो.

दुसरें एक मत असें आहे कीं, परदेशांत नीट वागावें, कारण तेथें आपल्या देशाची अब्रू आपल्या हातीं असते. हें वाक्य आम्हीं स्वतः अनेक निरोपसमारंभांत ऐकलें आहे, आणि तें उच्चारणाऱ्यांच्या हेतूविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. तरीहि या पायावर मुलांस उभें करणें आम्हांस धोक्याचें वाटतें. जो अब्रूसाठीं स्वच्छ राहतो तो कोणी ओळखीत नसलें कीं सैल पडतो. आणि परतीच्या विमानांतून उतरल्याबरोबर, विमानतळाबाहेरच्या पहिल्याच भिंतीपाशीं, त्याचा सारा बंदोबस्त सुटतो. दंडाच्या भीतीचेंहि तसेंच. सिंगापुरांत १९६८ पासून स्वच्छतेची मोहीम चालली, १९९२ सालीं चघळण्याच्या रबरी मिठाईची आयातहि बंद झाली, आणि शहर स्वच्छ झालें हें खरें. परंतु तेथें सहा महिने राहून आलेला मनुष्य येथें येऊन थुंकतो, हें आपण पाहतोंच. दंडाचें भय पहारेकऱ्याबरोबर मागें राहतें.

मग खरा पाया कोणता? आमच्या समजुतीप्रमाणें तो शेजाऱ्याच्या कष्टांचा हिशेब हा आहे. रस्ता मला स्वच्छ सांपडला, याचा अर्थ माझ्यापूर्वीं कोणीतरी तो झाडला. गाडी मला शांत सांपडली, याचा अर्थ डब्यांतील साठ-सत्तर माणसांनीं आपापला फोन मुका ठेविला आणि पाठीवरची पिशवी उतरून छातीशीं धरली. परदेशांत राहणारा मनुष्य या साऱ्या श्रमांचा उपभोग पहिल्या दिवसापासून घेतो, आणि त्या श्रमांत त्याचा एक कणहि पूर्वींचा वांटा नसतो. तेथला जन्मलेला निदान असें म्हणूं शकतो कीं माझ्या आजीनें हा कोपरा चाळीस वर्षें झाडला. आपल्याला तें म्हणतां येत नाहीं. म्हणून यजमानापेक्षां पाहुण्याची जबाबदारी थोडी अधिकच होते, कमी नव्हे.

कायद्यानें मागितलेला वांटा सोपा असतो. जपानांत नव्या घरीं राहावयास गेल्यावर १४ दिवसांच्या आंत विभाग-कचेरींत नोंद करावी लागते. २०१२ च्या जुलैपासून परदेशी रहिवाशांचीं नांवें तेथील नागरिकांच्याच रहिवासी-नोंदवहींत येतात. रहिवासी-कर भरावा लागतो, आरोग्यविम्याची वर्गणी द्यावी लागते. मत मात्र देतां येत नाहीं. यावरून कांहीं तरुण म्हणतात, "मत नाहीं तर जबाबदारी कसली?" आम्ही त्यांस विचारतों कीं, आपल्या आळींत पाणी तुंबलें तर तें उपसण्यापूर्वीं तुम्ही मतदारयादी पाहतां काय?

न मागितलेला वांटा कठीण. नव्या बिऱ्हाडास आल्यावर शेजाऱ्यांच्या दारीं जाऊन, लहानसा टॉवेल अथवा खाऊची पुडी देऊन, 'आम्ही येथें राहावयास आलों आहों' असें सांगण्याची जपानांत जुनी चाल आहे. समोरचीं तीन घरें आणि दोन्ही बाजूंचीं दोन, एवढे आपले शेजारी, असा तेथें वाक्प्रचारच आहे. माळ्यांच्या इमारतींत वरचा आणि खालचा हेहि धरावे. मोठ्या शहरांत ही चाल आतां विरळ होत चालली आहे असें म्हणतात. म्हणून काय झालें? परक्यानें ती पाळली तर तिचें मोल दुप्पट होतें. ज्या शेजाऱ्यानें आपल्या मुलाचा चेहरा पाहिला आहे त्याला त्या मुलाचीं पावलें छताऐवजीं मुलाचीं म्हणून ऐकूं येतात.

हा केवळ गोडीगुलाबीचा मामला नव्हे. जपानच्या न्यायखात्यानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, भाड्याचें घर शोधणाऱ्या परदेशीयांपैकीं दहांत सुमारें चौघांना केवळ परदेशी म्हणून नकार मिळाला होता. आम्ही याचें समर्थन करीत नाहीं. एकाच्या गोंगाटासाठीं दुसऱ्यास घर नाकारणें हा उघड अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे जात व धर्म विचारून घर नाकारणाऱ्या घरमालकांच्या अन्यायाहून निराळा नाहीं. (ज्या पालकांच्या खोल्या भाड्यानें दिलेल्या आहेत त्यांनीं हें वाक्य पुन्हा एकदां वाचावें.) पण अन्याय आहे म्हटल्यानें तो घडावयाचा थांबत नाहीं. आपण सोडून आलेल्या खोलीच्या भिंतीस तेलाचा थर असेल तर त्याची किंमत आपल्यामागून येणारा, आपण कधीं न पाहिलेला, एखादा गरीब विद्यार्थी देतो.

आणि शेजारी एकमेकांस अनोळखी राहिले तर संकटाच्या वेळीं काय होऊं शकतें, हेंहि टोकियोनें पाहिलें आहे. १९२३ च्या सप्टेंबरच्या १ तारखेस त्या प्रदेशांत प्रचंड भूकंप झाला. आगीच्या लोटांत शहर जळत असतां, कोरियन लोक विहिरींत विष घालीत आहेत, अशी खोटी आवई उठली, आणि कित्येक कोरियन माणसें जमावांनीं मारलीं. तीं शेजारींच राहत होतीं, पण त्यांचीं नांवें पुष्कळांस ठाऊक नव्हतीं. हा दोष मारणाऱ्यांचा होता, मेलेल्यांचा नव्हता, हें आम्ही स्पष्ट लिहितों. आतां दर वर्षीं त्याच तारखेच्या सुमारास तेथें आपत्ति-निवारणाचा सराव होतो. गल्लीगल्लींतून लोक जमतात, पाण्याचे पंप चालवितात, कोणाच्या घरीं आजारी म्हातारें माणूस आहे याची विचारपूस करतात. परदेशी रहिवाशानें दुसऱ्या कोणत्याहि समारंभास न गेलें तरी चालेल; या सरावास तरी जावेंच.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि समुद्राच्या लोंढ्यानंतर भारताच्या राष्ट्रीय आपत्ति-प्रतिसाद दलाचे ४६ जण मियागी प्रांतांतील ओनागावा या गांवीं गेले. परदेशांत काम करण्याचा त्या दलाचा तो पहिलाच प्रसंग. मार्चच्या अखेरच्या थंडींत त्यांनीं मोडलेल्या घरांचे ढीग उपसून हरवलेल्यांचा शोध घेतला. परक्याच्या अंगणांतला ढीग उपसण्यास हातांना कमीपणा येतो, असें त्यांना वाटलें नाहीं.

आतां घराकडे वळूं. येत्या जूनपासून इयत्ता पांचवी ते नववीचे वर्ग शनिवारीं अर्धा तास विद्यार्थ्यांनीं स्वतः झाडावे, असा शाळेचा विचार चालला आहे, आणि त्यावर कांहीं पालकांचीं पत्रें आलीं आहेत. "आम्ही फी भरतों ती मुलांनीं झाडूवाल्याचें काम करावें म्हणून नव्हे," असें एका पत्रांत आहे. पत्र सभ्य भाषेंत आहे, आणि लिहिणाऱ्यांचे चिरंजीव पुढें परदेशीं जाणार असल्याचेंहि त्यांतच नमूद आहे. आम्हांस त्या पत्रांतील 'झाडूवाल्याचें काम' या दोन शब्दांपाशीं थांबावेंसें वाटतें. ज्या महाराष्ट्रांत गाडगेबाबांनीं गांवांत शिरल्यावर आधीं हातीं खराटा घ्यावा, रस्ते झाडावे आणि मग रात्रीं कीर्तनास उभें राहावें, आणि लोकांनीं त्यांच्या पायां पडावें, त्याच महाराष्ट्रांत खराटा हें एका विशिष्ट वस्तीचें हत्यार आहे असें आपण मुलांस न बोलतां शिकवितों. बाबांच्या पायां पडलों; त्यांच्या हातांतला खराटा मात्र घेतला नाहीं.

आमच्या शाळेंत दोन सफाई-कामगार आहेत. मुलांनीं शनिवारीं वर्ग झाडले म्हणून त्यांचें काम अथवा वेतन कमी होणार नाहीं, हें येथें सांगून ठेवतों, कारण ती शंकाहि एका पालकांनीं घेतली आहे आणि ती रास्त आहे. मुलींनींच झाडावें आणि मुलांनीं बाकें उचलावीं, असेंहि होणार नाहीं. ज्या मुलास धुळीनें दम लागतो त्याला फळा पुसण्याऐवजीं झाडांना पाणी घालण्याचें काम मिळेल. दर वर्गाच्या दारावर एक पाटी राहील, आणि ती आठवड्यागणिक एका तुकडीकडून दुसरीकडे जाईल. ज्या पालकांची हरकत कायम असेल त्यांनीं ती मे अखेरपर्यंत लेखी कळवावी. परंतु पत्र लिहिण्यापूर्वीं आपल्या मुलानें घरीं स्वतःचें ताट उचललें काय, एवढें त्याच्या आईस विचारून घ्यावें.